व्हीलचेअर मिळाली, पुढे काय? रिहॅब आणि साधनं गरजू माणसापर्यंत का पोचत नाहीत

दरवर्षी ३ डिसेंबर, म्हणजे जागतिक दिव्यांग दिन, जवळ आला की पेपरात नि व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच प्रकारचे फोटो दिसायला लागतात. मांडव, मागे बॅनर, समोर ओळीने मांडलेल्या नव्याकोऱ्या व्हीलचेअर आणि तीनचाकी सायकली, आणि खाली बातमी की अमुक तालुक्यात इतक्या इतक्या दिव्यांगांना साहित्य वाटप. बातमी खोटी नसते, साधनं खरंच दिली जातात, ज्याला मिळालं त्याचा आनंदही खरा असतो. पण वर्षभराने त्याच घरांमध्ये गेलात तर काही चेअर पडवीत पडलेल्या दिसतात, एखादीवर धान्याची पोती ठेवलेली असतात, कानाचं मशीन कपाटात डबीत असतं, आणि माणूस मात्र होता तिथेच, खाटेवर. मग लोक म्हणतात बघा, फुकट दिलं की किंमत नसते. मला हे वाक्य अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही तेच या लेखात सांगायचंय, कारण हा फक्त आपल्या तालुक्याचा प्रश्न नाहीये, भारत, नेपाळ, रवांडा, अफगाणिस्तान, जिथे जिथे पैसा कमी आहे तिथे थोड्याफार फरकाने हेच चाललंय.

आधी रिहॅब म्हणजे काय ते बघू

रिहॅब म्हणजे आजार, अपघात, म्हातारपण किंवा जन्मतः असलेली अडचण यामुळे रोजची जी कामं जमेनाशी झाली ती परत जमावीत म्हणून दिलेले उपचार. चालणं, बोलणं, घास गिळणं, शर्टाची बटणं लावणं, संडासला स्वतःचं स्वतः जाणं, अशी कामं. हे उपचार देणारी माणसं वेगवेगळी असतात. फिजिओथेरपिस्ट हालचालीवर काम करतो, ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोजच्या कामांवर, स्पीच थेरपिस्ट बोलण्या-गिळण्यावर, आणि प्रोस्थेटिस्ट कृत्रिम हातपाय बनवून बसवतो.

सहाय्यक साधनं म्हणजे त्यासाठी लागणाऱ्या वस्तू. यात फक्त व्हीलचेअर नि कुबड्या येत नाहीत. चष्मा येतो, काठी येते, कानाचं मशीन, वॉकर, कमोड खुर्ची, कॅलिपर म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा, मोबाईलमधलं वाचून दाखवणारं अ‍ॅप, सगळं येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली अशा ५० साधनांची यादी काढली की बाबा किमान एवढं तरी प्रत्येक देशाने लोकांना उपलब्ध करून द्यावं, त्यात गोळ्या वेळेवर घेण्यासाठीची कप्प्यांची डबीसुद्धा आहे.

म्हणजे तुम्ही हे चष्मा लावून वाचत असाल तर तुम्ही सहाय्यक साधन वापरताय, हा विषय "त्यांचा" नाही, तुमचाही आहे.

गरज नेमकी किती जणांना आहे

२०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून एक मोठा अहवाल काढला. त्यानुसार जगात २५० कोटींपेक्षा जास्त लोकांना एक तरी साधन लागतं, आणि जवळजवळ १०० कोटी लोकांना ते मिळत नाही. लोकांचं वय वाढतंय म्हणून २०५० पर्यंत गरज ३५० कोटींवर जाईल. सगळ्यात टोचणारा आकडा पुढचा आहे. काही श्रीमंत देशांत गरजूंपैकी ९० टक्के लोकांकडे साधन आहे आणि काही गरीब देशांत हेच प्रमाण ३ टक्के आहे. शंभरातले तीन! आणि ज्यांच्याकडे साधन आहे त्यांच्यातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांनी पैसे स्वतःच्या खिशातून घातलेत.

आता यावर कुणीतरी म्हणेल की आपल्याकडे अपंग आहेतच किती, दोन टक्के. हा आकडा २०११ च्या जनगणनेतून येतो, २.६८ कोटी लोक, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. पण जग पातळीवर अंदाज १६ टक्क्यांचा आहे, मग आपल्याकडेच एवढे कमी कसे? एकतर घरोघरी "तुमच्याकडे कुणी अपंग आहे का" असं विचारलं की लोक नाही म्हणतात, मुलीच्या लग्नाची काळजी असते, लाज असते, आणि गुडघे धरलेल्या आजीला किंवा ऐकू न येणाऱ्या आजोबांना घरातलं कुणी अपंग मानतच नाही, "वय झालंय" एवढंच म्हणतात. शिवाय १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, जनगणना त्याच्या आधीची. आणि रिहॅबची गरज फक्त सर्टिफिकेटवाल्यांना असते असंही नाही, पाय मोडून प्लास्टर काढलेल्या माणसालाही ती असते, जगात दर तीन माणसांमागे एकाला आयुष्यात किंवा आजारपणात कधीतरी रिहॅबचा उपयोग होईल असा हिशोब आहे.

वस्तू देणं वेगळं, बसवून देणं वेगळं

माझ्या मते सगळा घोळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

व्हीलचेअर घ्या. शिबिरात मिळते ती बहुतेक वेळा एकाच मापाची, घडीची, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये दिसते तसली. ती मुळात पेशंटला या वॉर्डातून त्या वॉर्डात नेण्यासाठी असते, दिवसाचे दहा तास बसून राहण्यासाठी नसतेच. ज्याच्या मणक्याला मार लागलाय त्याला कमरेखाली काही कळत नाही, आपण खुर्चीत थोडा वेळ बसलो की नकळत बूड हलवतो, त्याला ते टोचणं जाणवतच नाही, त्यामुळे बसायच्या हाडाखालची कातडी दाबली जाऊन आधी लाल होते मग फुटते, आणि ती जखम हाडापर्यंत जाऊ शकते, तिच्यातून इन्फेक्शन रक्तात गेलं तर माणूस दगावतो. म्हणजे चुकीची चेअर ही चेअर नसण्यापेक्षा धोक्याची ठरू शकते.

हे टाळायला फार मोठं मशीन लागत नाही. ट्रेनिंग घेतलेला माणूस काय करतो तर चेअरवर बसलेल्या माणसाच्या बुडाखाली, उशी नि हाड यांच्यामध्ये आपली बोटं सरकवतो आणि टोकं हलवून बघतो. बोटं वरखाली हलली तर ठीक. हलत नाहीत पण बाहेर काढता येतात, तर सावध. बोटं चेपली गेली आणि ओढूनही नीट निघेनात, तर ही उशी चालणार नाही, बदला. मग सीटची रुंदी कमरेच्या मापाची आहे का, सीटची पुढची कड नि गुडघ्याची मागची बाजू यात दोन बोटं जागा राहते का, पाय फूटरेस्टवर टेकतात का, हे बघायचं. पाचदहा मिनिटांचं काम. पण ते येणारा माणूस तिथे पाहिजे ना!

कृत्रिम पायाचं तर आणखी नाजूक. गुडघ्याखाली पाय कापलेला असेल तर उरलेल्या पायावर पातळ मोजा चढवतात, कुठे हाड वर आलंय, कुठे दाब सहन होईल, कुठे अजिबात नको, अशा खुणा रंगाच्या पेन्सिलीने करतात, त्यावर ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळून साचा घेतात. त्या साच्यात प्लास्टर ओतून पायाची हुबेहूब प्रत बनते, तीवर खुणा उमटलेल्या असतात, मग प्रोस्थेटिस्ट कानशीने काही जागा घासतो, काही ठिकाणी भर घालतो, आणि वर तापवलेली प्लास्टिकची शीट ओढून वाटीसारखा भाग तयार करतो, त्याला सॉकेट म्हणतात. सगळं वजन त्या सॉकेटवर. थोडं चुकलं की फोड येतो. आणि उरलेला पाय पहिलं वर्षभर आकसत जातो, सूज उतरते, स्नायू बारीक होतात, त्यामुळे आज घट्ट बसलेलं सॉकेट काही महिन्यांनी डुगडुगायला लागतं, आधी जास्तीचे मोजे घालून भागतं, मग नवीन करावंच लागतं. ज्याला हे कुणी सांगितलं नाही आणि ज्याचं केंद्र दोनशे किलोमीटर लांब आहे, तो पाय काढून ठेवतो आणि परत कुबड्यांवर येतो. त्याला किंमत नाही असं कसं म्हणायचं?

कानाच्या मशीनचंही तसंच. कानात बसणारा मोल्ड त्याच कानाच्या मापाचा नसेल तर शिट्टी वाजते, लहान मुलाचा कान वाढतो त्यामुळे मोल्ड दर काही महिन्यांनी बदलावा लागतो, आणि छोट्या सेलवर चालणारं मशीन असेल तर सेल आठवडा दोन आठवड्यात संपतो, तो तालुक्याला मिळाला तर मिळाला.

आपल्याकडे गावोगावी हातपंप बसवले गेले तेव्हा जे झालं तेच हे आहे. पंप बसवायला पैसा होता, उद्घाटन झालं, मग एक दिवस आतला वॉशर गेला, आणि वॉशर बदलणारा माणूस पंचक्रोशीत नसल्यामुळे पूर्ण पंप बंद. गावाला पाणी नको होतं म्हणून तो बंद पडला असं कुणी म्हटलं नाही.

मग अडतं कुठे

सगळ्यात आधी माणसं. काही गरीब देशांत दर दहा लाख लोकांमागे रिहॅबचं शिक्षण घेतलेले दहासुद्धा लोक नाहीत. भारताचं चित्र यापेक्षा वेगळं आहे, आपल्याकडे फिजिओथेरपीची कॉलेजं भरपूर आहेत, मुलं-मुली दरवर्षी पास होतात, पण सरकारी जागा कमी, म्हणून ती शहरात खाजगी क्लिनिक टाकतात किंवा परदेशी जातात. प्रोस्थेटिस्ट नि स्पीच थेरपिस्ट तर मुळातच कमी.

मग अंतर. पुण्यात वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून, वांद्र्याला श्रवणदोषांसाठी अली यावर जंग संस्था १९८३ पासून. संस्था नावाजलेल्या आहेत, पण धडगाव नाहीतर भामरागडच्या माणसाने तिथे जायचं म्हणजे काही दिवसांची मजुरी, सोबत येणाऱ्याची मजुरी, एसटीचं तिकीट, आणि एसटीत चढायचं कसं हा वेगळाच प्रश्न. एकदा जाईल तो. सॉकेट सैल झालं म्हणून परत परत नाही जाणार.

आणि पैशाचं गणित. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आहे, ते मुख्यतः अ‍ॅडमिट झाल्यावरच्या उपचारांना, आणि डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतचा खर्च त्यात धरतात. आता पॅरालिसिस झालेल्या माणसाला विचारा १५ दिवसांत काय होतं. पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यात वेगाने होते, त्यानंतरही महिनोन् महिने होत राहते, आणि नेमका तोच काळ योजनेच्या बाहेर पडतो. शहरात फिजिओच्या घरच्या एका व्हिजिटला पाचशे-सातशे रुपये सहज जातात.

माझ्या सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा हे जवळून बघितलं. जीव वाचला, डॉक्टर मनापासून झटले, त्याबद्दल तक्रार नाही. पण डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची सविस्तर यादी होती आणि शेवटी एका ओळीत "फिजिओथेरपी चालू ठेवा" एवढंच. कुठे, कुणाकडे, किती दिवस, घरी पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, पातळ वरण देताना ठसका लागतो तर काय करायचं, काहीच नाही. आम्ही त्यांना उठवताना लुळा पडलेला हात धरून ओढायचो, प्रेमानेच, आणि त्यात खांदा निखळत जातो हे पुढे एका फिजिओ ताईंनी सांगितलं तेव्हा समजलं. तो खांदा त्यांना शेवटपर्यंत दुखायचा. अशी किती घरं असतील.

"आधी औषधं आणि ऑपरेशनं तर होऊ देत, हे नंतर बघू"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि गरीब देशाच्या अर्थमंत्र्याच्या जागी बसून बघितलं तर तो वेडगळ नाही. पैसा थोडा आहे, तो जीव वाचवण्यावर आधी खर्च करायचा. पण ऑपरेशन करून अर्ध्यावर सोडलं तर ऑपरेशनचाच पैसा वाया जातो. वाकडे पाय घेऊन जन्मलेलं बाळ घ्या, क्लबफूट म्हणतात. पोन्सेटी नावाच्या पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ आणतात, पाचसहा प्लास्टर झाले की टाचेच्या शिरेवर एक छोटा छेद, आणि पाय सरळ. पण त्यानंतर खास बूट-पट्टी पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि मग चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रात्री झोपताना घालायची असते. ती सुटली तर पाय परत वाकडा होतो. म्हणजे डॉक्टरचं काम काही आठवड्यांचं, पुढची चार वर्षं बूट वेळेवर मोठ्या मापाचा मिळणं आणि आईला कुणीतरी धीर देत राहणं यावर सगळं अवलंबून.

आणि कमाईचं बघा. आसामच्या चहाच्या मळ्यांमध्ये चाळिशीच्या पुढच्या मजुरांना जवळचं बघायचा साधा चष्मा देऊन एक अभ्यास झाला, २०१८ ला प्रसिद्ध झाला. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत चष्मा मिळालेल्यांची चहाची तोड सुमारे २२ टक्क्यांनी जास्त भरली. पानं तीच, मजूर तेच, फक्त दिसायला लागलं. मग बांगलादेशात शिवणकाम, विणकाम अशी कामं करणाऱ्या लोकांवर तसाच अभ्यास झाला, २०२४ ला आला, तिथे आठ महिन्यांत चष्मेवाल्यांची कमाई दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी पुढे होती. चाळिशीचा चष्मा! ज्याला आपण आजारही म्हणत नाही. अंथरुणाला खिळलेला माणूस तर एकटा कधीच खिळत नाही, त्याच्यासोबत घरातली सून किंवा शाळा सोडलेली मुलगी अडकते, तिची बुडालेली मजुरी नि शिक्षण कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही.

"घरच्यांना शिकवलं की झालं, तज्ज्ञ कशाला"

वाटतं खरं असं, मलाही हा उपाय फार आवडला असता. यावर भारतातच एक मोठी चाचणी झाली. देशातल्या १४ हॉस्पिटलांमध्ये १२५० पॅरालिसिसचे पेशंट घेतले, त्यातल्या निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम कसे करून घ्यायचे याचं ट्रेनिंग दिलं, बाकीच्यांना नेहमीसारखे उपचार. २०१७ ला निकाल आला, सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत फरकच दिसला नाही.

याचा अर्थ घरच्यांना शिकवू नका असा नाही, आमच्या घरासारखा निखळलेला खांदा टाळायला ते पाहिजेच. पण तज्ज्ञांचं सगळं काम घरच्यांच्या डोक्यावर टाकून सरकार मोकळं होऊ शकत नाही. पेशंटची प्रगती बघून व्यायाम बदलावा लागतो, तो कधी बदलायचा हे कळायला शिक्षण लागतं.

"दानशूर लोक नि संस्था आहेत की"

आहेत, आणि त्यांच्यामुळे लाखो लोक उभे राहिलेत हे मान्यच. जयपूर फूटचंच उदाहरण घ्या. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग हॉस्पिटलमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून हा पाय घडवला. तोवरचे पाश्चात्य पद्धतीचे पाय बूट घालून खुर्चीत बसणाऱ्यांसाठी होते, आपल्याकडे माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो, चिखलात उतरतो. रबराचा, वळणारा, पायासारखा दिसणारा जयपूर फूट या सगळ्याला चालला. १९७५ ला डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली, तिने तो फुकट बसवायला घेतला, देशात आणि देशाबाहेरही. तो टिकला कारण तो इथल्या माणसाचं जगणं बघून केला होता.

पण दानावर व्यवस्था उभी केली तर देणाऱ्याचा हात आखडला की सगळं बंद होतं. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली तेव्हा जगभरातल्या आरोग्य कार्यक्रमांना धक्का बसला. आणि दान म्हणून येणाऱ्या जुन्या वापरलेल्या व्हीलचेअरचा प्रश्न वेगळाच, त्यांचे टायर नि बेअरिंग इथे मिळत नाहीत, सायकलच्या दुकानात दुरुस्त होईल अशी चेअर हवी असते.

"थ्रीडी प्रिंटिंग आलंय, एआय आलंय, सुटेल आपोआप"

काही बाबतीत खरंच मोठा फरक पडलाय. साध्या अँड्रॉइड फोनमध्ये स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक फुकट येतं, अंध मुलगा त्यावर मराठी पेपर ऐकतो, आधी त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागायचं. आयआयटी मद्रासमधून आलेली निओफ्लाय व्हीलचेअर माणसाच्या मापाने बनवून देतात, हेही भारीच. पण कृत्रिम पाय प्रिंट केला तरी साचा घेताना कुठे दाब चालेल ते ठरवणारा, बसवल्यावर चालायला शिकवणारा, फोड आला तर बघणारा माणूस लागतोच. प्रिंटरने कानशीचं काम कमी होईल, प्रोस्थेटिस्टचं डोकं नाही.

"रस्तेच धड नाहीत, चेअर देऊन उपयोग काय"

रस्ते, रॅम्प, बसेस हा या प्रश्नाचाच भाग आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी यांच्या केसमध्ये सांगितलं की सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता येण्याचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, बंधनकारक नियम करा. रतुरी स्वतः दृष्टिहीन, याचिका २००५ ची. पण रस्ते होईपर्यंत चेअर थांबवायची म्हणजे माणसाने घरातच राहायचं, आणि माणूस घरातच राहिला तर रस्ता मागणार कोण?

कुठे जमलंय का हे

जमलंय. रवांडासारख्या छोट्या, गरीब देशाने डोळ्यांच्या डॉक्टरची वाट बघत बसण्यापेक्षा सरकारी आरोग्य केंद्रांतल्या नर्सना तीन दिवसांचं ट्रेनिंग दिलं. नजर तपासायची, साधा चष्मा जागच्या जागी द्यायचा, अवघड केस असेल तर वर पाठवायची. व्हिजन फॉर अ नेशन या संस्थेने सुरुवातीला मदत केली पण काम सरकारच्या नर्सनी, सरकारच्या केंद्रांत केलं, आणि काही वर्षांत देशातल्या सगळ्या आरोग्य केंद्रांत ते पोचलं. सगळ्याच साधनांना हे लागू होत नाही, कृत्रिम पाय तीन दिवसांत शिकता येत नाही. पण काठी, वॉकर, चष्मा, कमोड खुर्ची, ही सोपी साधनं खालच्या पातळीवर आणि अवघड साधनं जिल्ह्याला, अशी वाटणी करता येते हे त्यातून दिसतं.

दुसरं उदाहरण काबूलचं. तिथे रेड क्रॉसच्या ऑर्थोपेडिक केंद्रात आल्बेर्तो कायरो हे इटालियन फिजिओ १९९० पासून काम करतायत, युद्धं झाली, सरकारं बदलली, केंद्र चालू राहिलं. तिथे काम करणारे जवळपास सगळे स्वतः अपंग आहेत, आधी पेशंट म्हणून आले, मग तिथेच सॉकेट बनवायला, चालायला शिकवायला लागले. ज्याने स्वतः पहिल्यांदा कृत्रिम पाय घालून तोल सांभाळलाय तो समोरच्या घाबरलेल्या पोराला जे सांगू शकतो ते दुसरं कुणी नाही सांगू शकत. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला एक व्हीलचेअर-सायकल दुरुस्त करणारा दिव्यांग कारागीर का असू नये, मला हे कोडं कधीच उलगडलं नाही.

आत्ता, इथे काय मागता येईल

दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची अ‍ॅडिप योजना १९८१ पासून आहे, कानपूरची अ‍ॅलिम्को ही सरकारी कंपनी त्यासाठी साधनं बनवते. २०२२ च्या बदलानंतर महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर साधन पूर्ण मोफत, ३० हजारांपर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. यात आधी मोजमाप शिबीर होतं आणि काही महिन्यांनी वाटप शिबीर. मोजमापाला स्वतः माणसाला घेऊन जा, नुसते कागद पाठवू नका, आणि माप घेणाऱ्याला विचारा की चेअरसोबत उशी मिळणार का, घरातल्या दाराची रुंदी सांगा, मोरीचं दार तर हमखास अरुंद असतं. वाटपाच्या दिवशी स्टेजवरून खाली आल्यावर लगेच घरी निघू नका, माणसाला चेअरमध्ये बसवा, बोटांची ती तपासणी करा, ब्रेक लागतायत का बघा, बसत नसेल तर तिथेच सांगा.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, साधनांसाठी एकदा ३ हजार रुपये खात्यात येतात. चष्मा, काठी, कमोड खुर्चीला ते पुरतात. कानाच्या चांगल्या मशीनला पुरत नाहीत. लहान मुलांसाठी सिव्हिलला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे फिजिओ नि स्पीच थेरपी मोफत असते, अंगणवाडी ताई किंवा आशाताईंकडून तिथली चिठ्ठी मिळते, मूल वर्षाचं होऊनही बसत नसेल तर "होईल हळूहळू" म्हणत थांबू नका.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो वर्षाअखेरीस सगळ्यांना थोडे थोडे पैसे वाटून संपवतात. त्या पैशातून टायर-ट्यूब, बेअरिंग, उशीचं फोम, मशीनचे सेल आणि महिन्यातून एकदा फिजिओची गावात फेरी बसू शकते का, हा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत लेखी अर्ज देऊन विचारा, आणि अर्जाची पोच घ्या.